पोत्याची मागची बाजू

नांग कोरिंगकडे कुत्रा नाही, कधी नव्हताच. तरी इलोइलो शहरातल्या आमच्या बाजारात कुत्र्याला काय घालावं हे विचारायला माणसं तिच्याकडेच येतात, आणि ती सांगत बसते, मागे रांग लागली तरी. माझा गाळा तिच्या शेजारीच, सुक्या मासळीचा. चौदा वर्षं झाली. ती विकते त्या कुत्र्यांच्या खाण्याचा वास जास्त की माझ्या मासळीचा, यावर आमचं भांडण रोज सकाळी होतं आणि रोज दुपारी एका ताटात जेवताना मिटतं.

बाई माझ्याहून वीस वर्षांनी मोठी, म्हणून नांग, म्हणजे ताई. काडीसारखी, चष्म्याला दोरा, तोंडाला विश्रांती नाही. आधी ती जनावरांच्या खाद्याच्या कारखान्यात होती, पोत्याचं तोंड शिवायच्या मशीनवर. मग गुडघे गेले, साठवलेले पैसे घालून हा गाळा घेतला. ती स्वतःच सांगते, "अकरा वर्षं पोती शिवली गं इंदाय, पण एका पोत्याची पाठ वाचली असेल तर शपथ."

वाचणार तरी कशाला? आमच्याकडे अख्खं पोतं घेतं कोण? सगळे किलो, अर्धा किलो नेणारे. पोतं आलं की ती ते ड्रममध्ये उपडं करते. असे सात ड्रम आहेत, प्रत्येकावर पुठ्ठ्याची पाटी: मोठ्यांचं, पिल्लांचं, बीफचं. त्यातून मापाने काढायचं, पारदर्शक पिशवीत भरायचं, गाठ मारायची. रिकामं पोतं धुऊन त्याच्या बाजारपिशव्या शिवायच्या. माझ्या गाळ्याचा पडदासुद्धा त्याच पोत्यांचा. म्हणजे अक्षरं पोत्याबरोबर गेली आणि खाणं पिशवीबरोबर. दोघांची पुन्हा गाठ नाही.

आणि तिचा हात सैल. काटा किलोवर आला की वर एक मूठ घालायचीच. सगळ्या पोत्यांच्या तळाचा चुरा एका निळ्या टबात साठवलेला असतो, त्यातली ती मूठ. "मोजून दिलं ते दुकानाचं, वरचं माझं," असं म्हणायची आणि मान उडवायची. समोरच्या ओळीतला दुकानदार कधी दाणा सोडत नाही, म्हणून गिऱ्हाईक हिच्याकडे. त्या मुठीचा तिला भारी अभिमान होता.

तर हे सगळं सुरू झालं नोंग तिबोपासून, म्हणजे तिबोदादापासून. म्हातारा बँकेच्या दारावर सुरक्षारक्षक होता, निवृत्त झाला. आयुष्यात बढती मिळाली नाही म्हणून कुत्र्याचं नाव ठेवलं सार्जंट. बायको गेल्यापासून पहाटे पाचला तो आणि सार्जंट नदीकाठी फिरायला जाणार, कोणी बरोबर असो नसो. त्या सार्जंटला खाज सुटली. पोटावरचे, पायांवरचे केस गेले, खाली लालभडक कातडं. म्हाताऱ्याच्या घरी मुलगी मेर्ली, तिचं तान्हं बाळ. मेर्लीने बापाला सरळ सांगितलं, "तातय, बाळाच्या बाप्तिस्म्याच्या आत हा बरा झाला पाहिजे. नाहीतर ग्विमारास बेटावर दिराच्या आंब्याच्या बागेत जाईल. तिथे साखळीला बांधतील, राखण करेल." बाप्तिस्मा मे महिन्याच्या शेवटी. हे फेब्रुवारीतलं बोलणं.

पालिकेची जनावरांची डॉक्टरीणबाई रेबीजची लस द्यायला बास्केटबॉलच्या मैदानात आली होती. तिने सार्जंटचं कातडं खरवडून तपासायला नेलं आणि दोन दिवसांनी सांगितलं, खरूज नाही. खाण्यातलं काहीतरी मानवत नसावं. आधी कोंबडी बंद करा. आठ आठवडे. आणि दुसरं काही म्हणजे काही द्यायचं नाही, ताटातला तुकडासुद्धा.

नोंग तिबो तडक आमच्याकडे. "कोरिंग, बीफचं दे. कोंबडीवर बंदी आलीय."

"घ्या की! बीफचं म्हणजे एक नंबर," म्हणत हिने पिवळ्या ड्रममध्ये माप घातलं.

पाच आठवडे त्याने तेच नेलं. सार्जंटची खाज तसूभर कमी झाली नाही. शेवटी म्हातारा उगाचच माझ्यावर खेकसला, "तुमच्या दोघींच्या मधे येऊन कुत्रा मरेल माझा!"

तो गेल्यावर कोरिंग कात्री घेऊन बसली. त्याच बीफचं रिकामं पोतं पिशव्यांसाठी कापायचं होतं. कापता कापता थांबली, पोतं उलटं केलं. मागे मुंगीएवढ्या अक्षरांची ओळच्या ओळ. तिने फोन काढला, फोटो घेतला, दोन बोटांनी मोठा केला.

"इंदाय, इकडे ये. यात बैल कुठाय, शोध बघू."

मी हात पुसले आणि गेले. मका. कोंबडीची भुकटी. सोयाबीनचा चोथा. तांदळाचा कोंडा. कोंबडीची चरबी. मीठ. मग अशी नावं की जीभ अडखळावी. आणि तळाशी, रंगाच्या जरा वर, बीफचा स्वाद. समोरच्या बाजूला मात्र हा एवढा लाल मांसाचा तुकडा छापलेला!

"अगं बाई," मी म्हटलं, "पाच आठवडे कोंबडीच घातलीस की त्याला."

कोरिंगने कात्री खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी गाळा माझ्यावर टाकून डॉक्टरीणबाईच्या कचेरीत गेली आणि दुपारी परत आली ती तरतरीत होऊन, लॉटरी लागल्यासारखी. नावं वजनाप्रमाणे लिहितात म्हणे, जास्त असेल ते आधी. मीठ शंभरात एखादा भाग असतं, म्हणून मिठाच्या खाली जे जे लिहिलंय ते चिमूटभरच समजायचं. बीफ मिठाच्या खाली होतं.

मग बाईला नादच लागला. गोदामाच्या गाडीवाल्याकडून झाडून सगळ्या मालाची रिकामी पोती मागवली. माझ्या मासळीच्या फळीवर ती अंथरून वाचत बसायची. गिऱ्हाईक मासे मागायचं, ही म्हणायची, "थांबा हो, एवढं पोतं वाचून संपू दे."

एकावर पहिलंच नाव ताजी कोंबडी, दुसऱ्यावर कोंबडीची भुकटी. ती म्हणाली, "ताजी असलेलं चांगलं असणार."

मी हसले. "हे मला विचार ना! ताजी मासळी दहा किलो आणली की वाळून माझ्या हातात किती येते? तीन किलो. बाकी पाणी. ताजं मांस पाण्यासकट वजनात धरलंय, म्हणून पहिलं आलंय. वाळवून बघ, कितव्या नंबरला जातं ते."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शाळेत पहिली आले. चौदा वर्षांत पहिल्यांदाच.

मग तिला मका सापडला. एका पोत्यावर मका दुसरा, मक्याचा चोथा चौथा, मक्याचा कोंडा सहावा. "बघ, बघ," ती ओरडली, "एकाच घरातले तिघे तीन नावांनी मदतीच्या रांगेत उभे! एकत्र केले तर पहिला नंबर मक्याचाच." एकावर आतड्या-काळजाचं नाव होतं, मी नाक मुरडलं. ती फाडकन म्हणाली, "संध्याकाळी कोपऱ्यावर काडीला खोवलेली आतडी कोण खातं गं? तुझ्या पोटात चालतात, कुत्र्याच्या नाहीत होय?" पण नुसतं 'प्राण्यांची चरबी' लिहिलं असेल, कुठल्या प्राण्याची ते नसेल, तर तिबोसाठी ते पोतं बाद. कोंबडी तिथेही दडून बसली असेल, कोण जाणे.

एके दिवशी तिने चार कपांत पाणी घेतलं आणि चार रंगांचे दाणे भिजत घातले. लाल म्हणजे मांस, हिरवा म्हणजे भाजी, असं आम्ही आजवर लोकांना सांगत आलो. तासाभराने पाणी लाल झालं, हिरवं झालं आणि दाणे आतून सगळे एकाच मातकट रंगाचे. तिने एक चावूनही पाहिला. "मीठ कमी आहे," म्हणाली.

शेवटी एक पोतं मिळालं. पहिली माशाची भुकटी, मग तांदूळ. चरबीही माशाचीच. कोंबडीचं नाव वरपासून खालपर्यंत कुठे नाही, आणि कडेला लिहिलेलं की मोठ्या कुत्र्याचा पूर्ण आहार आहे, बरोबर दुसरं काही घालायची गरज नाही. दाणे नुसते तपकिरी, दिसायला अगदीच गरीब. तिने नवा ड्रम आणला, घासून वाळवला, माप वेगळं ठेवलं. नोंग तिबोला बोलावून पोत्याची पाठ मोठ्याने वाचून दाखवली. म्हातारा टोपी काढून ऐकत होता, चर्चमध्ये ऐकावं तसा.

पहिले पंधरा दिवस बरं वाटलं. मग खाज होती तिथेच. अजून पंधरा दिवस, तेच. मे उजाडला. बाप्तिस्म्याची पत्रिकासुद्धा छापून आली.

नोंग तिबो आला तो ओरडायला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. काउंटरला टेकून हळू म्हणाला, "मेर्ली म्हणते, मीच चोरून कोंबडी घालतो. मी शपथ घेतली, बायकोच्या फोटोवर हात ठेवला. म्हणते, तातय, तुम्ही आधीपासूनच असे, कुत्र्यापुढे तुम्हाला कोणी दिसत नाही. तीन आठवडे झाले, बोलत नाही माझ्याशी. ताट झाकून ठेवते आणि आत जाते." मग म्हणाला, "शेवटचा किलो दे. पुढच्या शनिवारी बोटीने ग्विमारासला नेऊन सोडतो."

कोरिंगने माप घातलं. काटा किलोवर आला. सवयीने हात बाजूला गेला, मूठभर वर पडलं, पिशवीला गाठ बसली. म्हाताऱ्याने पिशवी उचलली आणि तिने ती त्याच्या हातातून हिसकावून घेतली.

"नांग, काय झालं?" मी विचारलं.

ती पिशवी उजेडात धरून बघत होती. तपकिरी दाण्यांत एक लाल तुकडा. एक हिरवा. अजून एक लाल.

"हा लाल कुठून आला?" ती म्हणाली, आणि मग तिने निळ्या टबाकडे पाहिलं. सात ड्रमांचा चुरा, त्यातले निदान पाच कोंबडीचे. दर आठवड्याला मूठभर. तिच्या स्वतःच्या हाताने, प्रेमाने.

ती खाली पोत्यांवर बसली आणि रडायला लागली. "मीच घातली," एवढंच म्हणत राहिली, "मीच घातली, नोंग."

मला तिची दया आली आणि रागही आला, कारण चौदा वर्षं ती मूठ मीही बघत होते. आम्ही दोघींनी अख्खी पोती वाचली आणि टब मात्र कोणी वाचला नाही.

तिने गाळा बंद केला. भर दुपारी, शनिवारच्या गर्दीत! समोरचा दुकानदार बघतच राहिला. तपकिरी दाण्यांचं रिकामं पोतं काखेत, निळा टब डोक्यावर, आणि मागे मी, कारण तिच्या गुडघ्यांचा भरवसा नव्हता. नोंग तिबो आमच्या पुढे चालत होता, वळून वळून म्हणत होता, "राहू दे कोरिंग, राहू दे, लोक बघतायत."

सार्जंटच्या पोटावर केस आले ते जुलैत, आठवडे पुन्हा पहिल्यापासून मोजल्यावर. हे आत्ताच सांगते, म्हणजे जीव टांगणीला राहायला नको. पण मला विचाराल तर त्या दुपारी काय झालं ते खरं.

मेर्ली बाळाला कडेवर घेऊन दारात आली. कोरिंगने टब तिच्या पायाशी ठेवला. "तुझ्या बापाने तुकडासुद्धा दिला नाही," ती म्हणाली. "मी दिला. दर वेळी मूठभर, फुकट. खोटं बोललं असेल कोणी तर ती माझी पिशवी. कुत्र्याला हवं तर पाठव, पण आधी हे ऐक."

मेर्ली टबात बघत राहिली. वाकून तिने एक लाल तुकडा उचलला, बोटांत फिरवला. कुत्रा अंगणात पाय चाटत पडला होता. नोंग तिबो फाटकाशीच उभा, आत यायचं की नाही अशा चेहऱ्याने, आपल्याच घरात.

"आता पुन्हा किती दिवस?" तिने विचारलं.

"आठ आठवडे. पहिल्यापासून."

"म्हणजे बाप्तिस्म्याला हा असाच खाजवत असणार, सगळ्या पाहुण्यांपुढे."

"असणार," कोरिंग म्हणाली. हिला खोटं बोलता येत नाही, तेवढा एक गुण.

मेर्लीने बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग फाटकाकडे न बघता म्हणाली, "तातय, जेवलात का?"

म्हाताऱ्याने मान हलवली, नाही म्हणून.

"मग या ना आत," ती म्हणाली, "मीही थांबलेय."