अठ्ठावीस टेराफ्लॉप्स आणि एक अडलेली सही

"खाली युजर डिपार्टमेंटची सही घ्या, की मी ऑर्डर सोडतो," सोनवणे साहेबांनी माझी नोट परत माझ्याकडं सरकवली. "अन् गजानन, या वेळी भानगड नको. यूपीएसचं लक्षात आहे न?"

लक्षात कसं नसणार! नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत मी आयटी सांभाळतो. मी पसंत केलेला यूपीएस मागच्या वर्षी तीन महिन्यांत बसला. तेव्हापासून माझी कन्फर्मेशनची फाइल साहेबांच्या ड्रॉवरमध्ये पडून होती. ही खरेदी बराबर निघाली तर मी पर्मनंट, न्हाई तर अंबडला घरी. साहेबांनी तसं तोंडावर सांगितलं होतं.

खरेदी होती ग्राफिक्स कार्डाची. आमच्या लॅबमध्ये बियांची उगवण तपासतात. कापसाच्या शंभर बिया ओल्या कागदात ठेवायच्या, काही दिवसांनी उघडायचं आणि मोजायचं: नीट उगवलेली रोपं किती, अ‍ॅबनॉर्मल किती, मेलेल्या बिया किती. हे मोजायला आता कॅमेरा आणि सॉफ्टवेअर येणार होतं. फोटोतली रोपं ओळखायला कॉम्प्युटरला ताकदीचं कार्ड लागतं.

दोन कार्डं शेवटपर्यंत टिकली. किंमत जवळपास सारखी. पहिल्यात सहा हजार कोअर, म्हणजे एकाच वेळी आकडेमोड करणारे सहा हजार छोटे भाग. क्लॉक 2.4 गिगाहर्ट्झ. क्लॉकच्या दर ठोक्याला एक कोअर दोन गणितं करतो. गुणाकार केला की येतात 28.8 टेराफ्लॉप्स, सेकंदाला जवळपास एकोणतीस लाख कोटी गणितं. दुसऱ्या कार्डाचा हाच गुणाकार बावीसवर थांबत होता. पहिल्यात मेमरी 8 जीबी, दुसऱ्यात 16. मी तिकडं फारसं बघितलं न्हाई. अठ्ठावीस म्हणजे बावीसपेक्षा जास्त, हे शाळेतल्या पोरालाही कळतं! पहिल्या कार्डाची शिफारस ठोकून दिली.

सही घ्यायला लॅबमध्ये गेलो. तिथल्या सीनियर रझिया आपा. निम्मं आयुष्य बिया मोजण्यात गेलेलं. त्यांनी नोट दोनदा वाचली, पेन उघडलं आणि परत बंद केलं.

"बेटा, हे अठ्ठावीस तू बघितले का?"

"आपा, ते स्पेसिफिकेशनमध्येच आहेत. थिऑरेटिकल परफॉर्मन्स म्हणतात त्याला."

"म्हणजे लेबल. पाकिटावर नव्वद टक्के लिहिलेलं असतं, म्हणून मी रजिस्टरात नव्वद लिहिते का? पहले भिजवते, मंग मोजते, मंग लिहिते. तूही उगवून आण, मी सही करते."

"आपा, हे कार्ड आहे. बियाणं न्हाई!"

"मंग तर जल्दी उगवेल. बी तरी आठ-दहा दिवस घेतं."

लॅबमधल्या पोरी फिदीफिदी हसल्या. माझं टाळकंच सरकलं. पण सहीशिवाय नोट पुढं जाणार नव्हती. डीलरला फोन लावला. भला माणूस, दोन्ही कार्डं एका दिवसासाठी डेमोला पाठवून दिली. सॉफ्टवेअरचं ट्रायल व्हर्जन होतंच. आपांनी स्वतः मोजून ठेवलेला एक ट्रे काढून दिला आणि आकडा सांगितला न्हाई.

पहिलं कार्ड बसवलं. ट्रेचा मोठा फोटो दिला. स्क्रीनवर लाल ओळ: मेमरी अपुरी. परत दिला, परत तीच ओळ. फोटोचे तुकडे करून दिले तर सांध्यावरची रोपं दोनदा मोजली जायला लागली. कार्डाची मेमरी म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. हात कितीही चपळ असू द्या, परात ओट्यावर मावली पाहिजे.

मी हार मानली न्हाई. फोटो लहान केला. आता कार्ड भन्नाट पळालं. डोळ्याचं पातं लवायच्या आत आकडा आला: नीट उगवलेली चौऱ्याण्णव.

"बघा आपा!"

आपांनी रजिस्टर माझ्यासमोर ठेवलं. सत्त्याऐंशी. मंग चिमट्यानं एकेक रोप उचलून दाखवलं. सात रोपांची मुळं टोकाशी खुंटलेली. फोटो लहान केल्यावर ती टोकंच दिसेनाशी झाली होती. सॉफ्टवेअरनं सगळ्यांना पास करून टाकलं होतं.

ही ऑर्डर गेली असती तर खराब लॉट चांगला म्हणून बाजारात गेला असता, आणि नोटेखाली सही माझी.

दुसरं कार्ड बसवलं. तोच मोठा फोटो, काही न कापता. थोडा वेळ जास्त लागला. आकडा आला: अठ्ठ्याऐंशी.

एकाचा फरक. मी म्हणालो, "चालतंय की, आपा."

"कसं चालतंय? थांब." त्यांनी भिंग घेतलं. पान फाटलं म्हणून बाद केलेलं एक रोप बराच वेळ बघितलं. पानावर नुसतं बियाचं टरफल चिकटलं होतं. ते नखानं अलगद काढलं. खाली पान धडधाकट. लहान फोटोत सॉफ्टवेअरलाही ते फाटलेलंच दिसलं होतं.

"हे माझं चुकलं," आपा म्हणाल्या. सगळ्या पोरींसमोर. रजिस्टरातल्या सत्त्याऐंशीवर लाल रेघ मारली, बाजूला अठ्ठ्याऐंशी लिहिले आणि खाली सही केली.

खरं सांगतो, तोपर्यंत मी जुनी नोट गुपचूप फाडायच्या बेतात होतो. ती लाल रेघ बघितली आणि लाज वाटली. नवी नोट लिहिली, आपांची सही घेतली आणि दोन्ही कागद साहेबांपुढं ठेवले.

साहेबांनी सावकाश वाचलं. "म्हणजे तुम्ही आधी चुकीचं कार्ड लिहिलं होतं."

"हो साहेब. चूक माझीच. आपांनी पकडली."

"या पहिल्या नोटेवर त्यांची सही दिसत न्हाई."

"केलीच न्हाई त्यांनी."

"युजरची सही न्हाई, मंग ही नोट न्हाईच. रद्दी हाये." साहेबांनी कागदाचे चार तुकडे करून टोपलीत टाकले आणि ड्रॉवर उघडला.

पर्मनंटचं पत्र हातात पडल्यावर मी आधी लॅबमध्ये गेलो. आपांच्या पाया पडायला वाकलो तर त्यांनी खांद्याला धरून उठवलं. "अरे, हे काय करून राह्यला? माझा ट्रे सांडेल न!"

मला डोळे पुसावे लागले. आजवर कितीतरी लोकांनी न वाचता माझ्या कागदांवर सह्या केल्या, त्यांची नावंही आठवत न्हाईत. माझी नोकरी वाचवली ती सही अडवणाऱ्या बाईनं. त्यांचे उपकार मी विसरणार न्हाई. आता माझ्या प्रत्येक नोटेत एक ओळ असतेच: 'प्रत्यक्ष चालवून पाहिले.' ती खरी नसेल तर मी पेनच उघडत न्हाई.