गारपिटीत वर्गात शिरलेली मेंढरं

गेल्या मंगळवारी दुपारी मी तिसरीच्या मुलांना भागाकार शिकवत होते. फेब्रुवारी असूनही इतकं उकडत होतं की सकाळपासून पंखा चालू होता... तासाभरात याच मुलांना ऊब कुठून द्यायची असा प्रश्न मला पडणार आहे, हे कुणी सांगितलं असतं तर हसले असते.

आमची शाळा आष्टीजवळच्या कडा गावापासून आत, माळावर. दोन खोल्या, एक स्लॅबची आणि एक पत्र्याची. दोनच शिक्षक, आणि त्या दिवशी सर ट्रेनिंगला गेलेले. म्हणजे सव्वीस मुलं आणि मी एकटी.

तीनच्या सुमारास पश्चिमेकडून अंधारून आलं. आधी धुळीचा लोट, मग वारं, आणि मग पत्र्यावर कुणी दगड ओतावेत तसा आवाज... गारा! लिंबाएवढ्या.

पहिली-दुसरीची मुलं पत्र्याच्या खोलीत होती. मी व्हरांड्यातून धावत गेले तोवर कोपऱ्यातले दोन पत्रे उडाले होते. मुलं बेंचखाली शिरलेली, सगळी चिंब. दप्तरं डोक्यावर धरायला लावून, दोन-दोन करून मी त्यांना स्लॅबच्या खोलीत आणलं.

तिथेही खिडकीच्या काचा फुटल्या होत्या. लाईट गेली, मोबाईलला रेंज नाही. वारं इतकं गार की दात वाजत होते. आपल्याकडे थंडी म्हणजे सकाळी दोन तास, दुपारी कोण स्वेटर घालतं? मुलांच्या अंगावर ओले शर्ट, ओले फ्रॉक. माझी ओढणी, टेबलावरचं कापड, भिंतीवरचे नकाशे... जे हाताला लागलं ते त्यांच्या अंगावर घातलं.

तेवढ्यात दारावर धडाधड थापा पडल्या.

"बाई, दार उघडा वो! मेंढरं मरायलीत!"

खिडकीतून पाहिलं. डोक्यावर घोंगडं घेतलेली एक बाई आणि तिच्यामागे भिंतीला चिकटलेली तीस-पस्तीस मेंढरं. दरवर्षी आमच्या शिवारात मेंढ्या घेऊन येणाऱ्या बायजाबाई. त्यांचा नवरा उरलेला कळप घेऊन पुढे गेलेला.

खरं सांगते, मी लगेच दार उघडलं नाही. मुलं तुडवली गेली तर? वर्गात जनावरं घेतली म्हणून उद्या पालकांनी विचारलं तर? "तुम्ही एकट्या आत या," असं मी ओरडून सांगितलं. त्या हलल्या नाहीत. "ह्यांना सोडून कशी येऊ, बाई?"

किती वेळ गेला माहीत नाही. दोन मिनिटं असतील, तीन असतील... मग मी मुलांना भिंतीकडे सरकवलं आणि कडी काढली.

मेंढरं आत घुसली. मुलं किंचाळली, वर्गभर ओल्या लोकरीचा वास. बायजाबाईंनी तोंडाने कसलासा आवाज केला आणि कळप मधोमध शांत उभा राहिला.

तेव्हाच माझं लक्ष आरोहीकडे गेलं. पहिलीतली, अंगाने अगदी बारीक. मघापासून थरथर कापत होती, आता शांत बसली होती. मला वाटलं, बरं वाटलं असेल.

बायजाबाईंनी तिच्या पायाला हात लावला आणि त्यांचा चेहराच बदलला. "थरथर थांबली म्हंजी लई वाईट, बाई. कोकरू असंच गप होतंय, मग उठत न्हाई. वल्लं काढा आधी."

त्यांनीच तिचा फ्रॉक काढला, घोंगड्याची आतली कोरडी बाजू तिच्याभोवती गुंडाळली. दोन मेंढ्या खाली बसवून मध्ये तिला ठेवलं. तिची पावलं स्वतःच्या काखेत धरली.

"तुमी बोलत ऱ्हावा तिच्याशी. झोपू देऊ नका."

मी बोलत राहिले. आईचं नाव विचारलं, पाढे विचारले, काल काय जेवलीस विचारलं... ती नुसती डोळे मिटायची. बाहेर गारा, आत मी एकाच नावाने हाका मारतेय. बाकीची मुलं न सांगता मेंढ्यांना टेकून बसली होती. कुणी रडत नव्हतं.

बऱ्याच वेळाने ती पुन्हा कापायला लागली. बायजाबाई म्हणाल्या, "आता भ्या न्हाई." आणि मग आरोहीने बारीक आवाजात विचारलं, "बाई, ही चावती का?"

मी इतकी रडले की मुलंच घाबरली.

गारा थांबल्या तेव्हा अख्खं मैदान पांढरं झालं होतं. पालक धावत आले. आरोहीला तिचे वडील लगेच दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, वेळेत ऊब मिळाली म्हणून निभावलं.

बायजाबाई मात्र शाळेच्या मागच्या भिंतीपाशी उभ्या होत्या. तिथे चार मेंढ्या मरून पडल्या होत्या. दार उघडेपर्यंत त्या टिकल्याच नाहीत...

मला तोंड वर करता येईना. "बायजाबाई, मी उशीर केला."

त्यांनी एका मेंढीच्या तोंडावरच्या गारा हाताने बाजूला केल्या. "तुमच्या पदरात एवढी लेकरं. ईचार पडणारच की. उघडलं न्हाई असं तर न्हाई ना झालं." एवढंच.

मला मात्र ती दोन-तीन मिनिटं अजून मोजता येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी वर्ग धुवायला आरोहीचे वडील स्वतः आले. तोवर बायजाबाईंचा कळप पुढे गेला होता. त्यांच्याकडे फोन नाही. आष्टी, पाटोद्याकडच्या रस्त्यावर कुणाला भेटल्या तर एवढा निरोप द्या... आरोही बरी आहे, रोज शाळेत येते. आणि तिच्या बाई तुम्हाला विसरलेल्या नाहीत.