चपलांच्या गोष्टीतला गाळलेला भाग

दवाखान्यातून मी एका पायात माझी आणि दुसऱ्यात परकी चप्पल घालून घरी आलो होतो — ही गोष्ट मी दर लग्नामुंजीत रंगवून सांगतो. तिचा एक भाग मात्र गाळतो. तो आजवर कुणालाच सांगितलेला नाही. तुम्हाला सांगतो.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पार्किन्सन्स आहे. हात थरथरतो तो सगळ्यांना दिसतो; शेजारच्या कानडी अक्कासुद्धा "थरथर स्वल्प कमी झालीय" म्हणून सांगतात. खांदा दुखतो तो कुणाला दिसणार? पहाटे गोळीचा अंमल उतरला की खांदा कुणी पिळून काढावा तसं होतं, म्हणायचे. मी म्हणायचो, वय झालं अण्णा. कॉफीचा वास येत नाही म्हणाले, तर मी बायकोच्या डिकॉक्शनवर विनोद केला. विनोद मला चटकन सुचतात — तीच तर अडचण.

त्या दिवशी डॉक्टरांनी कन्नडमध्ये विचारलं, कुठे दुखतं का? आता अण्णांचं उत्तर यायला वेळ लागतो. चेहरा हलत नाही, आवाज तळातून वर यावा लागतो. आणि मला शहराच्या टोकाला, मारतहळ्ळीला, मीटिंगला पोचायचं होतं. मीच म्हणालो, "नाही डॉक्टर. थरथर कमी आहे, बाकी सगळं सरी, ठीक."

मला माहीत नव्हतं? होतं. अण्णांचा हात खांद्याकडे निघालेला मी पाहिला. तो अर्ध्यावर थांबला — आणि परत मांडीवर गेला. हेही पाहिलं. आणि उठलो. त्या घाईत दाराबाहेर काढलेली चप्पल बदलली.

पुढे कित्येक महिने अण्णांनी दुखण्याचं नाव काढलं नाही. मला वाटलं — की मी वाटून घेतलं? — बरं आहे. मग एकदा माझी बायको, सुमन, त्यांना घेऊन गेली. अण्णांचं बोलणं पुरं होईपर्यंत गप्प बसून राहिली. डॉक्टर म्हणाले, हे दुखणंही त्याच आजाराचं, वास न येणंही. गोळ्यांच्या वेळा बदलल्या. आता बहुतेक पहाटे अण्णांना झोप लागते.

चपलांच्या गोष्टीला सगळ्यात आधी तेच हसतात. चेहरा नाही हलत, खांदे हलतात.

हे लिहून झाल्यावर सुमनला वाचून दाखवलं. ती घेवडा निवडत होती. सगळा निवडून संपवला. मग म्हणाली, "अण्णांबरोबर आत मीच जात जाईन. तुम्ही बाहेर बसा, चपलांपाशी."