ज्वालामुखीखालचा बाप्तिस्मा

नॅडीन प्रुइटने पोहण्याचे ओले कपडे निम्मे वाळवायच्या यंत्रात कोंबले होते, निम्मे अजून टोपलीतच होते, तेवढ्यात यंत्र बंद पडलं. हॉटेलच्या त्या धुलाईखोलीतसुद्धा छताला प्लास्टिकच्या झावळ्या टांगलेल्या, आणि भिंतीतून एक न दिसणारा पोपट सारखा ओरडत होता.

"गप रे मेल्या," नॅडीन भिंतीला म्हणाली आणि यंत्राच्या दाराला एक गुडघा दिला.

ऑर्लँडोला आल्यापासून तिच्या नाकी नऊ आले होते. न्याहारीला मक्याच्या कण्या मागितल्या तर अननसाच्या आकाराचं गोड वॅफल पुढे आलं. बर्फाचा चहा मागितला तर त्यात कागदी छत्री. पोहण्याच्या तलावाकाठी सिमेंटचा ज्वालामुखी, तो घटकेघटकेला गुरगुरायचा. बेटाच्या थाटात सजवलेलं हे हॉटेल निवडायची हौस जावयाची. लायल त्यांच्या चर्चमधल्या तरुण मुलांचा पाळक. त्याने सगळ्या कुटुंबाला एकसारखे पोपटांचे सदरेही आणले होते. नॅडीनचा सदरा पिशवीच्या तळाशी होता आणि तिथेच राहणार होता.

खरं तर तिचं मन इथे नव्हतंच. घरी, जॉर्जियाला, परतलं की नवऱ्याच्या, हॉइटच्या, हृदयाची झडप बदलायची होती. त्याआधी त्याने बाप्तिस्मा घ्यावा, एवढंच तिचं देवाकडे मागणं. हॉइट भला माणूस. दर रविवारी चर्चला यायचा, चर्चचं छप्पर गळलं की शिडी घेऊन तोच चढायचा. पण पाण्यात उतरायचा विषय निघाला की त्याला नेमकं गाडीचं तेल बदलायचं आठवायचं. लग्नापासून हेच चाललेलं.

लेक शेल्बी ओल्या पायांनी धावत आली. "ममा, चल लवकर! पपा बाप्तिस्मा घेतो म्हणतायत."

नॅडीनच्या हातातला टॉवेल खाली पडला. "प्रभू, तुझी दया! घरी गेल्याबरोबर पहिल्याच रविवारी..."

"घरी नाही. इथे. आत्ता. तलावात."

"तलावात? त्या ज्वालामुखीखाली?"

हॉइट खरंच तिथे कमरेइतक्या पाण्यात उभा होता. अंगात पोपटांचा सदरा, गळ्यात हॉटेलने घातलेली प्लास्टिकच्या फुलांची माळ. शेजारी लायल, हात बांधून, चेहरा शक्य तितका गंभीर ठेवून.

"वर ये, हॉइट," नॅडीन काठावरून म्हणाली. "तुझा पांढरा झगा मी कधीचा शिवून ठेवलाय. चर्चमधलं कुंड आहे, त्यात पाणी गरम करून देतील. सगळी मंडळी येतील."

"तेच नको आहे मला."

"का नको? सगळ्यांनी तुझ्यासाठी प्रार्थना केलीय!"

"तूच करायला लावलीस ना! दर बुधवारी प्रार्थनासभेत उभी राहतेस आणि माझा आत्मा सगळ्यांच्या पुढ्यात ठेवतेस. मिसेस टॅलीचं पित्ताशय, गिब्सनांचा हरवलेला कुत्रा आणि मी. पित्ताशय निघालं, कुत्रा सापडला, मी आहे तिथेच. खिळे घ्यायला गेलो तरी गल्ल्यावरची बाई विचारते, काय हॉइट, अजून नाही का?"

लायलला हसू फुटलं. नॅडीनने त्याच्याकडे असं पाहिलं की ते तिथेच विझलं.

"मग मला आधी बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर पुढच्या बुधवारी तेही सांगितलं असतंस."

सांगितलं असतं, हे नॅडीनला माहीत होतं. तिला त्याचा राग आला, त्या पोपटाचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला.

"इथे मला कुणी ओळखत नाही," हॉइट म्हणाला. "फोटो काढायचा नाही. गावात अवाक्षर काढायचं नाही. चर्चच्या पाळकांना मी स्वतः सांगेन, सवडीने. कबूल असेल तर आत्ता होऊन जाऊ दे. नसेल तर मी वर येतो आणि आइस्क्रीम खातो."

"मिस नॅडीन, पाणी ते पाणीच," लायल हळूच म्हणाला. सासूला तो आदराने 'मिस'च म्हणायचा.

"तू तुझा पोपटांचा सदरा सांभाळ आणि गप्प उभा राहा."

शेल्बीने फोन वर धरला होता. नॅडीनने तो काढून घेतला आणि टॉवेलात गुंडाळून ठेवला. बुधवारी उठून ही बातमी कशी सांगायची, ते तिने मनात कितीदा घोकलं होतं. ते सगळं तिने फोनबरोबरच टॉवेलात गुंडाळलं.

"कबूल. पण ती फुलं काढ आधी. देवासमोर प्लास्टिक घालून जाणार आहेस का?"

लायलने हॉइटच्या पाठीला हात लावला, तोच शिट्टी वाजली. उंच खुर्चीवरची जीवरक्षक बाई ओरडली, "सर, कुणाला पाण्याखाली दाबायचं नाही! नियम आहे!"

नॅडीन तरातरा तिच्या खुर्चीखाली गेली. "बाई, या माणसाला पाण्यात घालण्यात माझा जन्म गेला. आज तो आपल्या पायांनी उतरलाय. तुम्ही मध्ये पडू नका."

बाईने खाली वाकून पाहिलं. "बाप्तिस्मा आहे का?"

"बाप्तिस्माच. आणि दम निघत नाहीये."

"मग असं आधी सांगायचं, मॅम. माझा बाप पाळक होता." तिने शिट्टी खिशात टाकली. "मी जरा घसरगुंडीकडे बघते. तेवढ्यात उरका."

लायलने पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याचं नाव घेतलं आणि हॉइटला मागे निजवलं. नेमका तेव्हाच ज्वालामुखी फुटला. ढोल, लाल दिवे, पाण्याचा फवारा, पोरांचा कल्ला. त्या गदारोळात घोडं एकदाचं गंगेत न्हालं. हॉइट खोकत, डोळे चोळत वर आला, आणि नॅडीन चपलांसकट पायऱ्यांवरून पाण्यात उतरली.

"बुधवारी मी एक शब्द बोलणार नाही," ती त्याचा ओला चेहरा दोन्ही हातांत धरून म्हणाली.

"काय?"

"बोलणार नाही म्हणते!"

"काय म्हणालीस?"

तिने त्याच्या कानाकडे पाहिलं. ऐकायचं यंत्र कानातच होतं आणि त्यातून पाणी ठिबकत होतं.

"हॉइट प्रुइट! एवढ्या वर्षांनी देवाकडे निघालास, आणि कानातलं काढायचं सुचलं नाही?"

"मलाही तू आवडतेस," हॉइट अंदाजाने म्हणाला.

नॅडीन रडत होती की ओरडत होती, तिचं तिलाच कळेना. भिजलेलं यंत्र सुक्या तांदळात ठेवलं तर कधीकधी वाचतं, एवढं तिला ठाऊक होतं. हॉटेलच्या दुकानांत पोपट मिळत होते, तांदूळ काही मिळत नव्हते. ओले कपडे शेल्बीच्या गळ्यात घालून आणि लायलकडून गाडीची किल्ली घेऊन ती हमरस्त्यावरच्या किराणा दुकानातून तांदळाची पिशवी आणायला निघाली.