प्राजूनं तपासली होती

बायकोला हे माहीत नाही. आई चार वर्षांपूर्वी गेली, तिलाही शेवटपर्यंत कळलं नाही. कारखान्यात वीस वर्षं माझ्या शेजारी बसून डबा खाणारा एक मित्र आहे, त्याच्याशी मी घरातली भांडणंसुद्धा बोलतो — पण हे नाही. तुमची माझी ओळख नाही, म्हणून कदाचित तुमच्यापाशी जमेल. जमेल का? मध्येच मी भलतंच काही सांगत बसलो तर समजा की पाय मागे ओढतोय. चौदा वर्षं तेच करत आलोय.

मी शिरूरजवळच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. स्वभाव आधीपासूनच तपासण्याचा. सिलिंडर आला की वॉशर बघणार, प्रवासाला निघताना टायरवर दोनदा लाथ मारणार, कुलूप लावून झालं की ओढून बघणार. बायको मला इन्स्पेक्टर म्हणते, आणि ते काही कौतुकानं नाही. कामावर नवी पोरं लागली की पहिल्या दिवशी त्यांना माझं भाषण ऐकावं लागतं. मशीन एकदा तपासून झालं आणि नंतर कोणी एक नट जरी सैल केला, तरी आधीची तपासणी रद्द. पुन्हा तपासायचं. आणि ज्यानं काम केलं त्यानं नाही, दुसऱ्यानं. हे मी किती पोरांना सांगितलं असेल! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण — ही म्हण माझ्या केबिनच्या दारावर लावायला हरकत नाही.

लग्नाआधी दोन-तीन वर्षं मी पुण्यातल्या एका ग्रुपबरोबर कडे चढायला जायचो. फार मोठं काही नाही. पण चांगला दोर घेतला होता, कमरेला आणि मांड्यांना बांधायचे दोन हार्नेस घेतले होते. लग्नानंतर सगळं माळ्यावर गेलं. नातेवाइकांत मात्र मी 'आमचा गिर्यारोहक'च राहिलो. लग्नकार्यात कोणी तशी ओळख करून दिली की मी नुसता हसायचो. खरं सांगायचं तर बरं वाटायचं.

तर मे महिना होता. आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, भांडगावला दिलेली. तिची प्राजक्ता तेव्हा दहा वर्षांची, ओंकार सहाचा. माझी सई चार वर्षांची. भाचरं दर सुट्टीत शिरूरला यायची आणि महिनाभर टीव्हीपुढे लोळायची. त्या वर्षी मी नवीन — म्हणजे जुनीच, पण आमच्यासाठी नवीन — गाडी घेतली होती. म्हटलं, पोरांना फिरवून आणू. शिरूरहून न्हावरा, चौफुला, भांडगावला आक्का आणि पोरांना उचलायचं, भुलेश्वर करायचं, मग सासवडवरून वाई, पाचगणी. तीन मुक्काम. दाजींच्या पोल्ट्रीत नुकतीच पिल्लं आली होती, त्यामुळे ते थांबले. आक्कानं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती, खिडक्यांना ओले टॉवेल लावले होते, आणि मागच्या सीटवर तिघांची अंताक्षरी चालली होती. प्राजू दोन्ही लहानग्यांना जिंकू देत होती. तशीच होती ती. मी आरशातून बघत होतो आणि मला वाटत होतं, मामा असावा तर असा.

डिकीत तो दोर होता. पाचगणीला कुठेतरी पोरांना चढवू, असं मनात होतं. पण भुलेश्वरचं दर्शन झालं आणि डोंगराच्या मागच्या अंगाला मला एक छोटा कडा दिसला. पंचवीस-तीस फुटांचा, पायऱ्या-पायऱ्यांचा, सावलीत. मला दम निघेना. आक्का आणि बायको खाली रस्त्याकडेला, झाडाखाली लावलेल्या गाडीपाशी जेवणाचं मांडत होत्या. मी तिन्ही पोरांना घेऊन कड्यापाशी गेलो.

आता पद्धत सांगतो, कारण सगळं त्या पद्धतीतच आहे. कड्याच्या माथ्यावर एका जाड झाडाला कडी अडकवली आणि तिच्यातून दोर खाली सोडला. दोराचं एक टोक चढणाऱ्याच्या हार्नेसला, दुसरी बाजू माझ्या हातात. पोरगं वर चढेल तसा मी दोर ओढून घेणार. हात सुटला तरी ते जागेवर लोंबकळेल, पडणार नाही. हार्नेसला बांधायची गाठ आठाच्या आकड्यासारखी असते. एक आठ पाडायचा, टोक हार्नेसमधून घालायचं, आणि मग ते टोक त्याच आठाच्या मागोमाग शेवटपर्यंत परत फिरवायचं. परत फिरवलं नाही तर गाठ लांबून गाठीसारखी दिसते, थोडा वेळ धरतेसुद्धा. भार आला की सरकते.

मी आपली कारखान्याची शिस्त तिथे आणली. डिकीत कंपनीचं एक जुनं पिवळं हेल्मेट पडलेलं होतं, ते प्राजूच्या डोक्यावर ठेवलं आणि जाहीर केलं, की आजपासून प्राजक्ता मॅडम आमच्या सेफ्टी ऑफिसर. गाठ मामा मारणार, तपासणार मॅडम, आणि मॅडम 'पक्की' म्हणाल्याशिवाय कोणी दगडाला हात लावायचा नाही. तिला मी गाठ दाखवली, दोन-दोन दोर शेजारी-शेजारी कसे दिसले पाहिजेत ते दाखवलं. पोरीनं एकदाच बघितलं आणि तिला कळलं. सई चार फूट चढून रडत उतरली, तेव्हाही प्राजूनं गाठ बोटानं मोजून बघितली होती. मग ओंकारची पाळी. तिनं त्याची गाठ बघितली. ओढून बघितली. वाकून मागून बघितली. पक्की, म्हणाली. ती गाठ पक्कीच होती. हे मी तुम्हाला शपथेवर सांगतो.

इथेच माझी गाडी दरवेळी अडते.

मी तिला खाली पाण्याची बाटली आणायला पाठवलं. ती उतारावरून धावत गेली आणि ओंकार म्हणाला, "मामा, शूला लागलीय." सहा वर्षांचं पोरगं, हार्नेसमध्ये कसं करणार? मी गाठ सोडली, हार्नेस उतरवला, त्याला दगडामागे नेऊन आणलं. परत हार्नेस चढवत होतो आणि फोन वाजला. कारखान्यातून. लाइन बंद पडली होती, आणि मला विचारल्याशिवाय कोणाचं पान हलत नाही याचा मला काय अभिमान! फोन खांद्याला लावून मान वाकडी करून बोलत मी दोर ओवला. आठ पाडला, टोक हार्नेसमधून घातलं — आणि पलीकडचा काहीतरी म्हणाला, त्याला मी कुठलं पॅनेल उघडायचं ते सांगायला लागलो. टोक परत फिरवलं नाही. ओंकार अधीर झाला होता. मी मानेनंच त्याला 'चढ' म्हणून खूण केली.

प्राजू बाटली घेऊन आली तेव्हा तो वर होता. तिला वाटलं, तीच गाठ. तिनं टाळ्या वाजवल्या. तो पंधरा फुटांवर गेला, खाली बघून हसला, आणि मी शिकवलं होतं तसा दोरावर भार टाकून मागे बसला.

दोर माझ्या हातात हलका झाला. एवढंच मला कळलं.

उजव्या कोपरावर पडला. रक्त फार नव्हतं. पण त्या हाताकडे मला बघवलं नाही. आक्का अनवाणी पळत वर आली. तिनं त्याला उचललं, मोकळं टोक जमिनीवर पडलेलं बघितलं आणि माझ्याकडे वळली. "आरं, गाठ कशी सुटली?"

तेव्हा मी काय म्हणालो असेन? एवढा मोठा बाप्या, पस्तिशीचा, शंभर माणसांना सुरक्षेचे धडे देणारा. मी म्हणालो, "प्राजूनं तपासली होती."

बघा, शब्दांत खोटं काही नाही. तिनं तपासलीच होती. कोर्टातसुद्धा हे वाक्य टिकेल. कदाचित म्हणूनच ते इतक्या पटकन तोंडातून आलं.

आक्कानं तिच्या थोबाडीत मारली. पोरीच्या डोक्यावर ते पिवळं हेल्मेट होतं, ते डोळ्यांवर आलं. "मी बघितली व्हती, आई. पक्की व्हती," असं ती दोनदा म्हणाली. माझ्याकडे बघून म्हणाली. मी दोर गोळा करत होतो.

यवतला दवाखान्यात हात बांधला, नंतर दौंडला ऑपरेशन झालं. सहल तिथेच संपली. गाडीत ती मागे एका कोपऱ्यात बसली होती, आणि दौंडला पोचेपर्यंत तिचं वाक्य बदललं होतं. "मी नीट बघितली नसंल," असं ती सईला हळू सांगत होती. तीन तासांत दहा वर्षांची मुलगी स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास सोडून मोकळी झाली. मामा खोटं कशाला बोलेल?

अजून एक आहे. तेही सांगून टाकतो. दुसऱ्या दिवशी ओंकार शुद्धीत, खाटेवर बसून आक्काला सांगत होता, की मामानं मला शूला नेलं, मग पट्टा परत लावला. आक्काचं लक्ष सलाइनकडे होतं. मी मध्ये पडलो, त्याला चॉकलेट दिलं आणि विचारलं, "पाचगणीला घोड्यावर बसायचं का, पैलवान?" पोरगं घोड्यावर गेलं. नंतर तो सगळं विसरला. आता विचारलं तर म्हणतो, फक्त आभाळ आठवतं.

चार दिवस मी रजा टाकून दवाखान्यात झोपलो. दाजी माझ्या हाताला धरून म्हणाले, "तुम्ही व्हता म्हणून पोरगं वाचलं, पाव्हणं." आक्का अजून चारचौघांत सांगते, असा भाऊ मिळायला पुण्य लागतं. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण खवखवणारा माणूस तेव्हा मान खाली घालून चहा पीत असतो आणि लोकांना तो विनय वाटतो.

हात जुळला, पण कोपर थोडं वाकडंच राहिलं. सरळ होत नाही. ओंकार मोठा झाला, भल्या पहाटे हायवेच्या कडेनं पळायला लागला, सैन्यभरतीत पळण्यात पहिल्या पाचांत आला आणि मेडिकलला बाद झाला. त्या दिवशी तो पोल्ट्रीच्या मागे जाऊन बसला. प्राजू घरात एका जागी उभी होती, जेवली नाही.

तिला नर्सिंगला प्रवेश मिळत होता. मार्क होते. तिनं घेतला नाही. माझ्या हातून कोणाचं काही राहिलं तर, म्हणाली. बी.कॉम. केलं, यवतमध्ये एका कार्यालयात टायपिंगचं काम करते. रात्री गॅसचं बटण तीन-तीनदा बघते, दाराची कडी बघते, परत येऊन पुन्हा बघते. घरातले हसतात. मामावर गेलीय, म्हणतात. सगळ्यांबरोबर मीही हसलोय, एकदा नाही, पुष्कळदा.

सांगायचे प्रसंग आले नाहीत असं म्हणू नका. भरपूर आले. भाऊबीज वर्षातून एकदा येतेच. दरवेळी मी मनात वाक्य जुळवलं आणि दरवेळी पोराची बारावी, दाजींचं दुखणं, आईचं आजारपण असं काहीतरी पुढे केलं. भीती कशाची होती? आक्का तोंड बघणार नाही याची. एवढीच. सगळ्याच्या मुळाशी तेवढंच निघालं.

यंदा प्राजूचं लग्न झालं. मुलगा कवठे येमाईचा, शांत, चांगला. लग्नाच्या आठ दिवस आधी आमच्याकडे केळवण होतं. पुरणपोळी झाली, बायको आत ओटीचं काढत होती, आक्का तिच्याबरोबर. प्राजू बाहेरच्या खोलीत माझ्यासमोर येऊन बसली. हातातल्या बांगड्या फिरवत म्हणाली, "मामा, एक बोलायचं व्हतं. जाण्याआधी."

मला वाटलं, हिला कळलं. चोराच्या मनात चांदणं. आणि खरं सांगू? क्षणभर सुटल्यासारखं वाटलं.

ती म्हणाली, "त्यांना मी सगळं सांगितलंय. लहानपणी माझ्या चुकीमुळं ओम्याचा हात गेला ते. उद्या लेकरंबाळं होतील, नवऱ्याला आधी म्हाईत असावं. अंधारात ठिवून कसं लगीन करायचं?" मग म्हणाली, "आईनं मला बोल लावला. आजीनं लावला. तुमचा दोर व्हता, तुमच्या देखत झालं, आन् तुम्ही येवढ्या वर्षांत एकदाबी मला बोलला न्हाई. कुणी विषय काढला तरी बदलायचा. मला कळत व्हतं, मामा. मला माफ केलं का तुम्ही?"

दार उघडं होतं. आतून बांगड्यांचा, ताटांचा आवाज येत होता. तोंड उघडून चार शब्द बोलायचे होते — गाठ मी पुन्हा बांधली. एका दमात होतात. मी आत्ता तुमच्यासमोर बोललो की नाही?

मी म्हणालो, "जाऊ दे गं. लहान होतीस तू. मी कधीच माफ केलंय तुला."

तिच्या डोळ्यांना पाणी आलं. उठली, पदर सावरला, वाकून माझ्या पायांवर डोकं ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आशीर्वाद दिला.