दुसरं टोक जमिनीवर

थोरलीच्या पोटात दुखायचं, दुसरं काही नाही. उगाच आडवळणाने कशाला सांगा! सासूबाईंच्या कमरेने दगा दिल्यापासून दहा वर्षं त्यांना पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर हिनेच उचललं. आणि घरात येऊन जेमतेम वर्ष झालेली धाकटी जाऊ एक दिवस पुढे झाली, काखेत हात घातले, उचललं, ठेवलं. झालं! तेव्हापासून सासूबाईंचा एकच धोशा, "धाकटीला बोलवा."

धाकटी व्यायामशाळेत शिकवायची. रोज सकाळी सासूबाईंच्याच खोलीत, पलंग आणि कपाटाच्या मधल्या जागेत पुशअप्स काढायची. सासूबाई पडल्या पडल्या मोजायच्या. थोरलीचा नवराही चहाचा कप घेऊन दारात उभा राहायचा आणि वर म्हणायचा, "स्वतःचं अख्खं वजन उचलते हो ही!" या माणसाने जन्मात पाण्याची बादली उचलली नाही, पण कौतुक करायला सगळ्यांच्या पुढे. थोरलीला अशा मिरच्या झोंबायच्या की विचारू नका.

ती कुरिअरच्या काउंटरवर कामाला होती. एकदा एका गिऱ्हाईकाने लांबलचक खोकं आणलं. एक टोक काट्यावर ठेवलं आणि दुसरं अलगद शेजारच्या टेबलावर टेकवलं. वजन कमी भरावं म्हणून लोक करतातच असं. "अहो, ते टोक उचला," ती नेहमीसारखं म्हणाली आणि बोलता बोलता थबकली. अरेच्चा! धाकटीचंही एक टोक जमिनीवरच असतं की! पावलं टेकलेली, म्हणजे तेवढा भार जमिनीवर. कसलं अख्खं वजन नि कसलं काय! चोरी पकडली गेली म्हणून गिऱ्हाईक ओशाळलं होतं, पण बाईंनी त्याच्याकडे बघून इतकं गोड हसावं, याचं त्याला नवल वाटलं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी तिने घरातला वजनकाटा सासूबाईंच्या खोलीत आणला. पायांखाली घालायला तेवढ्याच जाडीची फळीही आणली. "काय गं पहिलवान, बघू या का एकदा?" आवाजात नुसता मध.

धाकटीला काय, हौसच. आधी काट्यावर उभी राहिली, चोपन्न किलो. मग पाय फळीवर, हात काट्यावर. हात ताठ असताना छत्तीस, खाली वाकली की चाळीस.

"आता गुडघे टेकव."

अठ्ठावीस.

"बघा!" थोरली कडाडली. "बाकीचं जमीन उचलते, ही नाही. आणि आई बासष्ट किलोच्या आहेत, बासष्ट! दहा वर्षं मी उचलतेय. माझ्या वेळी नाही कुणी कप घेऊन दारात उभं राहिलं!"

धाकटीला राग यायचा, तर ती हसली. "पण ताई, आपण उचलतो तेव्हा आईंचेही पाय जमिनीवरच असतात की."

नवरा फिस्सकन हसला. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती सासूबाईंकडे वळली. "आई, तुम्हीच सांगा. माझे हात कधी कमी पडले? मग तिलाच का बोलावता?"

सासूबाई चादरीचा सुटलेला धागा ओढत राहिल्या. "हात नाही गं कमी पडले."

"मग?"

"उचलताना दर वेळी तू ‘अरे देवा’ म्हणतेस. हळूच म्हणतेस. पण तुझं तोंड माझ्या कानापाशीच असतं ना."

"मी? कधी?" थोरलीने नवऱ्याकडे बघितलं. तो कपात बघत होता. धाकटी खाली वाकून फळी उचलायला लागली. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं.

खुर्चीत बसायची वेळ झालीच होती. धाकटी भिंतीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, तुम्हीच."

थोरलीने सासूबाईंच्या काखेत हात घातले. ओठ गच्च मिटले. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले होते. तिने उचललं, वळवलं, सावकाश खुर्चीत टेकवलं. तोंडातून हूं की चूं नाही.

सासूबाईंनी डोळे उघडले. "फार जड आहे का गं मी?"

सगळ्यांसमोर आकडा ओरडून सांगून झाला होता. आता नाही म्हणायला तोंड कुठे होतं!