मागचा आवाज

बसवकल्याणच्या टेनिस कोर्टावर तो रोज सकाळी कडेच्या माती दाबायच्या रोलरवर बसलेला दिसायचा. मांडीवर रॅकेट असायची, पण खेळायचा नाही. त्याचा डबल्सचा जुना जोडीदार पावसाळ्यात वारला, एवढंच मला ठाऊक होतं.

एकदा चौथा गडी कमी पडला म्हणून मी त्याला बोलावलं. तो मुकाट्यानं नेटजवळ उभा राहिला, मी मागं. समोरचे दोघे पोट सुटलेले. पळायला नको म्हणून प्रत्येक चेंडू उंच आमच्या डोक्यावरून टाकायचे. चेंडू मागं गेला तरी हा वळायचा नाही, कान देऊन तसाच उभा. त्याच्या बाजूचा चेंडू तोच घेईल म्हणून मीही गप्प. असे चार पॉइंट गेले.

"मागं कामून बघत न्हाईत, अण्णा?" मी चिडलोच.

"मागच्यानं 'माझा' म्हणायचं, मी बाजू बदलायची. तो होता तवर मागं बघावं लागलं न्हाई."

पुढचा चेंडू उंच गेला तसा मी "माझा" म्हणून ओरडलो. तेव्हा मात्र तो गर्रकन मागं वळला. क्षणभर माझ्याकडं बघत राहिला, आणि रॅकेट काखेत धरून रोलरवर जाऊन बसला.